कप खाली ठेवल्यावर

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते, की अवघड काम समोर असलं की मी आधी चहा करते, आणि तो करताना दुसरं काहीही करत नाही. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बहुतेकांना विचारायचंय ते एकच: चहाने खरंच धीर येतो का? मी 31 वर्षं नर्स होते आणि त्यातली बरीच रात्रपाळीत गेली. हे जे काही मला कळतं ते आधी तिथे, वॉर्डात कळलं, पुस्तकांत नंतर सापडलं. पाच पत्रं निवडली आहेत, थोडी आखडून घेतली आहेत.

प्रश्न : ताई, माझं वय 29. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्याकडे सांगण्यासारखं असतं, पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. नंतर तेच दुसरं कुणीतरी बोलतं आणि मी मान हलवत बसते. मैत्रीण म्हणाली, सकाळचा चहा माइंडफुल पद्धतीने, म्हणजे सगळं लक्ष त्या चहावरच ठेवून घे, आत्मविश्वास वाढेल. आठवडाभर केलं. डोळे मिटून, एकेक घोट घेत. मन एक मिनिट शांत बसत नाही. उलट त्या दहा मिनिटांत मीटिंगचेच विचार येतात आणि छातीत धडधडतं. माझं काय चुकतंय?

उत्तर : करण्यात काही चुकत नाहीये. तुम्ही त्या चहाकडून शांतता मागताय, तिथे चुकतंय.

आपल्या भाषेत 'धीर' हा मोठा छान शब्द आहे. धीर धर म्हणजे थांब, घाई करू नकोस. आणि धीर धर म्हणजेच घाबरू नकोस. दोन्हीला आपण एकच शब्द वापरतो. धाडस हे एका उडीचं काम. धीर मात्र धरावा लागतो, वजन धरून ठेवतात तसा, आणि तो धरताना भीती शेजारीच बसलेली असते. ती निघून गेल्यावर धीर कशाला लागेल? चहाच्या दहा मिनिटांत मीटिंग आठवली, धडधडलं, आणि तरीही तुमचे हात गाळणं धरून होते, पाणी सांडलं नाही, तर त्या दिवशीचा सराव झाला. मला तर वाटतं, आठवडाभर तुमचा सराव चांगलाच चालला होता, तुम्ही त्याला नापास ठरवलंत.

आता दोन-तीन गोष्टी बदला. पहिली, डोळे मिटू नका. काही माणसांना डोळे मिटून श्वासाकडे बघत बसलं की धडधड जास्तच ऐकू येते आणि घाबरायला होतं. हे दुर्मीळ नाही, त्यात लाजण्यासारखंही काही नाही. अशांनी लक्ष शरीराच्या आत न्यायच्या ऐवजी बाहेर ठेवावं.

बाहेर म्हणजे कुठे, तर आधणाच्या आवाजावर. आधण ठेवल्यावर आपण सहसा तिथून निघून जातो. एकदा उभं राहून ऐका. आधी काही नाही. मग भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरतात आणि पाणी सूं-सूं करायला लागतं. हा आवाज चढत जातो, आणि ऐन उकळीच्या जरा आधी चक्क उतरतो. कारण असं, की तळाचे बुडबुडे वर येताना अजून गार असलेल्या पाण्यात फुटून विरतात, त्या विरण्याचा तो आवाज असतो. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे न विरता वर पोचतात आणि गलका बदलून मऊ खळखळ होते. सर्वांत मोठा आवाज उकळीचा नसतो, उकळीच्या आधीचा असतो. इतक्या वर्षांनी आजही मी तो क्षण पकडायला जाते आणि कधी पकडते, कधी हुकतो. हुकला तर मन कुठे गेलं होतं ते कळतं. बास. मनाला रागवायचं नाही, परत भांड्याशी आणायचं.

मग चहा मुरू द्या. काळा चहा असेल तर झाकण ठेवून तीन ते पाच मिनिटं. हिरवा असेल तर पाणी उकळीचं नको, 70 ते 80 अंशांचं, आणि दोन-तीन मिनिटं पुरेत, नाहीतर कडू होतो. तुम्ही दूध घालून उकळत असाल तर ऊतू जाऊ न देणं हेच तुमचं ध्यान, त्याहून कडक गुरू मला माहीत नाही. या वेळात फोन हातात घ्यायचा नाही, एवढा एकच नियम.

कप दोन्ही हातांनी धरा. घाबरल्यावर आपले हातपाय गार पडतात ते काही मनाचे खेळ नसतात. शरीर पळायच्या तयारीत असतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्या गार बोटांना ऊब मिळते. आणि कपाच्या कडेवर हळू फुंकर घाला. लांब फुंकर म्हणजे लांब उच्छ्वास, आणि श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते, ती बहुतेक सगळ्यांचीच उतरते. 'दीर्घ श्वसन करा' म्हटलं की लोक अवघडतात, कपावर फुंकर मात्र सगळ्यांना घालता येते. घाई नकोच. 65 अंशांच्या वरची पेयं नेहमी पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाशी बहुधा जोडलेलं आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटलं आहे. चहा निवायची वाट बघणं प्रकृतीलाही बरं.

वाट बघताना एक वाक्य मनात नाही, ओठांवर आणून म्हणा. 'मला भीती वाटते की…' आणि पुढचं खरं ते. 'मी बोलले तर साहेब म्हणतील, हे आधीच ठरलंय, तुमचं लक्ष कुठे होतं.' जितकं नेमकं तितकं चांगलं. भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डला या, भीतीशी जोडलेल्या भागाची खळबळ कमी होते, असं मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2007 च्या प्रयोगात मेंदूच्या स्कॅनवर दिसलं. आम्हाला वॉर्डात हे यंत्राशिवाय दिसायचं. ऑपरेशनला जाणारा माणूस 'मला काही होत नाही' म्हणत असायचा तोवर त्याचा रक्तदाब चढलेला, आणि 'सिस्टर, मी परत उठेन ना?' असं एकदा विचारून मोकळा झाला की चेहरा सैल पडायचा.

आणि शेवटचा घोट घ्यायच्या आधी दुसरं वाक्य. पीटर गॉल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 मध्ये यावर सविस्तर लिहिलं आहे: नुसता 'मी बोलेन' असा निश्चय केलेल्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं बांधून ठेवलेल्याच्या हातून ते काम जास्त वेळा होतं. तुमच्यासाठी असं करा. 'पहिला मुद्दा संपून कुणीतरी पान उलटलं की मी म्हणेन, मला यात एक भर घालायची आहे.' फक्त एवढंच ठरवा. पुढची वाक्यं पाठ करू नका, ती तुम्हाला येतातच. अडतं ते पहिल्याला.

प्रश्न : चहाने शांत वाटतं म्हणतात, मला तर दोन कपांनंतर हात थरथरतात आणि उगाच काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं. चहातलं कोणतं तरी द्रव्य मन शांत करतं असंही वाचलं. नक्की खरं काय? महत्त्वाच्या कामाआधी चहा घेऊ की नको?

उत्तर : तुमचा अनुभव खरा आहे. त्याला लेखातल्या वाक्यासाठी खोटं पाडू नका.

चहात दोन गोष्टी असतात. एक कॅफीन. एका कपात साधारण 30 ते 50 मिलिग्रॅम, पत्ती किती आणि मुरला किती यावर कमी-जास्त. प्यायल्यावर पाऊण-एक तासात ते रक्तात सर्वाधिक असतं आणि त्यातलं निम्मं जायला निरोगी माणसाला सुमारे पाच तास लागतात, गरोदरपणात बरेच जास्त. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी 200 आणि दिवसभरात 400 मिलिग्रॅमपर्यंत काळजी नाही असं सांगितलं, गरोदर बाईसाठी दिवसाला 200. पण हे सरासरी माणसाचे आकडे. काही शरीरं एका कपातच थरथरतात. आणि कॅफीनची थरथर व भीतीची थरथर आतून सारखीच लागते, म्हणून मन कारण शोधायला लागतं: धडधडतंय, म्हणजे काहीतरी वाईट होणार. तुम्हाला जे 'उगाच' वाटतं ते हेच असावं.

दुसरं थिॲनिन, तुम्ही वाचलंत ते द्रव्य. 1949 मध्ये जपानमध्ये हिरव्या चहात ते पहिल्यांदा ओळखलं गेलं. त्याने मन सैलावतं असं काही प्रयोगांत दिसलं आहे, मात्र तिथे बहुधा 200 मिलिग्रॅमच्या आसपास देतात आणि तुमच्या कपात त्याच्या कितीतरी कमी असतं. त्यावर विसंबून राहू नका. तसंच त्या गरम कपाच्या प्रयोगाचं. 2008 मध्ये एक प्रयोग गाजला होता, की गरम कप काही क्षण हातात धरलेली माणसं समोरच्याला जास्त प्रेमळ समजतात. पुढे जास्त माणसं घेऊन तो पुन्हा केला तेव्हा तसं आढळलं नाही. गरम कपाने बोटं ऊबदार होतात, एवढं मी छातीठोकपणे सांगेन. त्यापुढचं नाही.

म्हणजे धीर पत्तीत नाही, करण्याच्या रीतीत आहे. तेव्हा तुम्ही निर्धास्तपणे अर्धा कप, फिका, कमी मुरलेला घ्या. किंवा पत्तीच नको, कोमट पाणी घ्या. पाणी तापवा, ओता, थांबा, दोन्ही हातांनी धरा, सगळं तेच. महत्त्वाच्या कामाआधी कडक चहा तुम्ही तरी टाळाच. आणि चहाशिवायही, कामाशिवायही ही धडधड येत असेल, झोपेतून उठवत असेल, तर डॉक्टरांकडे जाऊन एकदा थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघून घ्या. मी पाहिलेल्या कित्येक 'भित्र्या' बायकांचं रक्त कमी होतं. (जेवणाबरोबर चहा घेत असाल तर तेवढं बंद करा, त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. तासाभराचं अंतर ठेवा.)

प्रश्न : तुमचं वाचून हसू आलं आणि रडूही. दहा मिनिटं एकटीने चहा! घरात सहा माणसं. सगळ्यांचा चहा मी करते, वेगवेगळ्या वेळी, कुणाला साखर कमी, कुणाला जास्त. माझा कप ओट्यावर तसाच असतो, गार होऊन साय धरते, मग उभ्याउभ्या संपवते. मला कुठली भीती वगैरे नाही हो. वेळ नाही.

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रागावू नका, पण भीती नाही हे मला पटलं नाही. 'आता दहा मिनिटं मला हाक मारू नका' हे वाक्य आज संध्याकाळी घरात म्हणून बघा, असं मी सांगितलं तर पोटात काय होतं? तो गोळा आला ना, तीच.

सोळाव्या शतकात जपानमध्ये सेन नो रिक्यू म्हणून चहाचे एक आचार्य होऊन गेले, 1522 ते 1591. तो काळ सततच्या लढायांचा. त्यांनी चहासाठीची खोली लहान लहान करत नेली, दोन चटयांएवढी. आणि तिचं दार केलं जेमतेम दोन फुटांचं. त्यातून कुणालाही वाकून, गुडघ्यांवर सरकतच आत यावं लागे. सरदार असला तरी. कमरेला तलवार लावून त्या दारातून शिरताच येत नसे, ती बाहेर ठेवावी लागे. मला या दाराचं फार अप्रूप आहे. चहापेक्षाही. कारण ज्याने ते बांधलं त्याला ठाऊक होतं, की शांतता आपोआप मिळत नाही, तिला दार करावं लागतं आणि काही गोष्टी दाराबाहेर ठेवाव्या लागतात.

तुम्हाला खोली मिळणार नाही, मला कळतं. आम्हालाही नव्हती, वॉर्डातल्या कपाटामागे एक स्टूल होतं. तुम्ही स्टूल ठरवा, किंवा खिडकी, किंवा जिन्याची पायरी. रोजची जागा तीच हवी, म्हणजे घरालाही कळतं. पहिला कप स्वतःचा गाळा, शेवटचा नाही. आणि बसून प्या. मग कुणी हाक मारली तर एवढंच म्हणा, 'चहा पितेय, दहा मिनिटांत येते.' कारण देऊ नका, डोकं दुखतंय म्हणू नका. डोकं दुखतंय म्हटलंत की उद्या पुन्हा दुखावं लागेल. पहिले चार दिवस कुरकुर होईल, कुणी तोंड वाकडं करेल, आणि तुम्हाला फार अपराधी वाटेल. बसून राहा. इतरांना मीटिंगमध्ये आणि साहेबापुढे लागतो तो धीर तुम्हाला इथे, स्टुलावर बसून राहायला लागणार आहे, आणि तो काही त्यांच्याहून कमी नाही. दहा जमली नाहीत तर पाच मिनिटं घ्या, पण ती घड्याळातली पूर्ण पाच घ्या.

प्रश्न : वय 52. तुम्ही सांगता तसा चहा मी गेले चार महिने रोज पहाटे घेतो आहे. घरच्यांना त्या वेळी आवाज करू देत नाही. खूप शांत वाटतं. हे सुरू केलं ते एका कारणासाठी: धाकट्या भावाशी सहा वर्षं बोलणं नाही. चूक बरीचशी माझी. त्याला फोन करायचा धीर गोळा करायचा होता. फोन अजून केलेला नाही. पण रोज वाटतं, अजून थोडं मन तयार झालं की करीन. मी बरोबर मार्गावर आहे ना?

उत्तर : नाही. तुम्हाला वाईट वाटेल तरी सांगते, कारण तुम्ही इतक्या प्रामाणिकपणे लिहिलंय.

मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. पहाटे साडेचारला वॉर्डात एक आजोबा गेले. त्यांचा मुलगा बाहेर बाकावर झोपला होता. डॉक्टर दुसरीकडे अडकलेले, त्याला उठवून आत आणायचं काम माझ्यावर आलं. माझे पाय हलेनात. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी मला स्टुलावर बसवलं, कप हातात दिला, म्हणाल्या, 'दोन्ही हातांनी धर. बोटं गरम होऊ देत.' मी प्यायले. दोन मिनिटं गेली असतील. मी उठले, कप हातातच होता, तो घेऊनच निघाले होते. त्यांनी थांबवलं. 'तो इथे ठेव. रिकाम्या हाताने जायचं.' मग मी गेले. त्या मुलाने जागा होताच माझा हात धरला, घट्ट. हातात कप असता तर कुठे धरला असता?

हे मी शिकले असं मला वाटत होतं. पण नवव्या वर्षी एका रात्री एका रुग्णाला द्यायची गोळी माझ्याकडून राहिली. सकाळी लक्षात आलं. त्यांना काही त्रास झाला नव्हता, पण सांगायला हवं होतं, लगेच, नियमानेही आणि माणुसकीनेही. मी चहा केला. नीट, सावकाश. तो पिऊन झाला, वाटलं अजून हात थरथरतायत, थोडं थांबू. दुसरा केला. कप धुतले, पुसले, पालथे घातले. तोवर पाळी बदलली आणि मी घरी गेले. न सांगता. दोन दिवसांनी सांगितलं, ते दोन दिवस मी झोपले नाही. त्या सकाळच्या चहाइतका शांत, एकाग्र चहा मी आयुष्यात केला नसेल. तो मी लपण्यासाठी केला होता.

म्हणून तुमच्या पत्रातल्या 'खूप शांत वाटतं' या शब्दांपाशी मी थबकले. मानसोपचार करणारे याला ओळखतात. भीतीच्या गोष्टीपासून लांब ठेवणारी जी सवय त्या क्षणी बरं वाटायला लावते, ती सवय भीतीला खतपाणी घालते. कारण फोन न करताच बरं वाटलं, की मन शिकतं: फोन टाळला म्हणून बरं वाटलं. उद्या फोन आणखी जड होतो. चार महिन्यांत तो किती जड झालाय ते तुम्हालाच माहीत. मन तयार झाल्यावर फोन होत नसतो. फोन झाल्यावर मन तयार होतं, तेही लगेच नाही.

उद्या पहाटेचा चहा करू नका. भाऊ जागा असेल आणि फोन घेऊ शकेल अशा वेळेला करा. एकच कप. फोन समोर टेबलावर ठेवा, बाहेर नाही, यावेळी नियम उलटा. त्याचा नंबर आधीच काढून ठेवा. कप दोन्ही हातांनी धरा आणि ते वाक्य म्हणा, 'मला भीती वाटते की तो फोन ठेवून देईल.' ठेवू शकतो. सहा वर्षं झाली आहेत, त्याचा तो हक्क आहे. मग चहा अर्धा उरलेला असताना कप खाली ठेवा. संपवू नका, संपवायच्या निमित्ताने तुम्ही पुन्हा रेंगाळाल. कप बशीत टेकल्याचा आवाज आला की बोट नंबरवर.

त्याने उचललाच तर लांबलचक बोलू नका. 'मी बोलतोय. माझं चुकलं होतं. तुझ्याशी बोलावंसं वाटतं.' एवढं पुरे, आणि गप्प बसा, तो बोलेपर्यंत कितीही वेळ. त्या गप्प बसण्याचा सराव तुमचा चार महिने झालेला आहे, तो वाया गेलेला नाही, तो इथे लागणार आहे. नाही उचलला तर तीन ओळींचा निरोप पाठवा, आणि चार दिवसांनी पुन्हा, त्याच वेळी. दिवसातून चारदा नको.

घरच्यांना पहाटे आवाज करू द्या. तुमची शांतता त्यांच्या धाकावर उभी असेल तर भावाच्या एका कडक शब्दाने ती ढासळेल. आणि एखाद्या सकाळी दुसरा कप करून घरातल्या कुणालातरी शेजारी बसवा.

प्रश्न : मी आठवीत आहे. पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा आहे. माझा नंबर यायच्या आधी खूप धडधडतं आणि येत असलेलं विसरतं. आजी तुमचं सदर वाचते, तिने सांगितलं तुम्हाला लिहायला. आई मला चहा देत नाही. मग मी काय करू?

उत्तर : आई बरोबर करते, तुला चहाची गरज नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी कपात कोमट पाणी घे, आजीला शेजारी बसव. दोन्ही हातांनी कप धर आणि पाण्यावर हळू फुंकर घाल, तरंग कपाच्या पलीकडच्या काठाला लागेपर्यंत. अशा पाच फुंकरा. हे आजपासून रोज कर, म्हणजे त्या दिवशी ते नवीन नसेल. शाळेत कप नसेल, तेव्हा तळहातांची ओंजळ कर आणि तीत फुंकर घाल, कुणाला कळणारही नाही.

आणि धडधडायला लागलं की 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला म्हणू नकोस, त्याने फारसं काही होत नाही. त्याऐवजी म्हण, 'मला उत्सुकता वाटतेय.' अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स नावाच्या संशोधिकेने 2014 मध्ये हे करून पाहिलं: गाणं म्हणायच्या, भाषण करायच्या आणि गणितं सोडवायच्या आधी ज्यांनी स्वतःला असं सांगितलं, त्यांचं काम 'शांत हो' म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. कारण धडधड भीतीतही असते आणि खेळायला मैदानात उतरतानाही असते, तुझ्या छातीला त्यातला फरक कळत नाही. तिला तू सांगायचं, ही कुठली धडधड आहे ते.

मधेच विसरलीस किंवा विसरलास, तर 'एक मिनिट, आठवून सांगते' किंवा 'सांगतो' असं म्हण. परीक्षकांनाही ते चालतं. हे वाक्य मात्र आजीसमोर मोठ्याने दहा वेळा म्हणून ठेव.

परीक्षा झाली की मला पत्र लिही. बरी गेली नाही तरी लिही.